नरक, स्वर्ग आणि मरणानंतरचं जीवन : ख्रिस्ती श्रद्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले काही प्रश्न लोक वर्गात हात वर करून विचारतात, काही अंत्यविधी आटोपल्यावर बाजूला घेऊन, हळू आवाजात. खरं तर दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना आधी उत्तर द्यायला हवं. पण शब्दांचा गुंता सुटल्याशिवाय ते नीट देता येत नाही, म्हणून सुरुवात शब्दांपासून. जिथे पंथापंथांत मतभेद आहेत तिथे कोण काय मानतं ते सांगितलं आहे. जिथे मत माझं आहे तिथे ते माझं म्हणूनच वाचावं.

बायबलमध्ये 'नरक' हा शब्द नक्की कशासाठी येतो?

एका गोष्टीसाठी नाही, आणि निम्मा घोळ इथेच आहे. मूळ भाषांत चार वेगळे शब्द आहेत.

पहिला हिब्रू 'शिओल'. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, तो साधारण ६५ वेळा येतो. शिओल म्हणजे मेलेल्यांची जागा, खाली, अंधारी, निःशब्द. तिथे चांगले-वाईट सगळेच जातात. मुलगा योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो की मी शोक करतच शिओलात उतरेन. याकोब काही स्वतःला नरकात पाठवत नव्हता. ईयोब तर देवाला विनवतो की तुझा राग ओसरेपर्यंत मला तिथे लपवून ठेव. हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये गेले तेव्हा 'शिओल'साठी 'हेडीज' हा शब्द आला. मराठी बायबल या दोन्हींना 'अधोलोक' म्हणतं आणि ते चांगलं करतं.

तिसरा शब्द 'गेहेन्ना'. तो नव्या करारात १२ वेळा आहे. त्यातले ११ उल्लेख येशूच्या तोंडी आहेत आणि एक याकोबाच्या पत्रात. शिक्षेचा नरक म्हणतात तो हा. चौथा, 'टार्टारस' या ग्रीक पाताळाच्या नावापासून झालेलं क्रियापद, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकदाच येतं, तेही माणसांबद्दल नाही तर पाप केलेल्या देवदूतांबद्दल.

१६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतराने या चारही शब्दांना बऱ्याच ठिकाणी एकच शब्द वापरला. कबर, मृतांचा लोक आणि शिक्षा असं सगळं एका पोत्यात गेलं. पुढची कित्येक शतकं प्रवचनं त्या पोत्यातून निघत राहिली.

मग हा पुराणातला नरकच का?

मराठी शब्द तोच असला तरी कल्पना वेगळी आहे. पुराणांतल्या नरकात पापाचं फळ भोगून संपलं की जीव पुढच्या जन्माला निघतो. ख्रिस्ती विचारात पुढचा जन्म नाही, त्यामुळे नरकाचा प्रश्न 'किती काळ?' असा न राहता 'शेवटी काय?' असा होतो.

गेहेन्ना ही खरीच एखादी जागा होती का?

होती, आणि अजून आहे. जुन्या यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हिन्नोमचं खोरं म्हणजे गेहेन्ना. तिथल्या 'तोफेत' नावाच्या ठिकाणी लोक आपल्या मुलांना मोलख या दैवतासाठी आगीत होमायचे. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनीही तेच केलं, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलं आहे. पुढे योशीया राजाने ती जागा मुद्दाम भ्रष्ट केली, म्हणजे पुन्हा तिथे कुणी मूल नेऊ नये. यिर्मयाने त्या खोऱ्याला 'वधाचं खोरं' असं नाव दिलं. येशू 'गेहेन्ना' म्हणाला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं उभं राहिलं असणार.

तिथे शहराचा कचरा अहोरात्र जळत असे, हे तुम्ही प्रवचनात ऐकलं असेल. मीही सांगत असे, आता सांगत नाही. हा उल्लेख येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी, साधारण १२०० च्या सुमारास, डेव्हिड किम्ही या ज्यू पंडिताच्या लेखनात सापडतो. उत्खननात त्याला दुजोरा मिळालेला नाही. आणि मुलं जाळल्याच्या आठवणीपुढे कचऱ्याची गरजच काय?

याच खोऱ्यावरच्या उतारावर, केतेफ हिन्नोम इथे, १९७९ मध्ये जुन्या कबरींत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यातली मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. त्यांच्यावर गणनेच्या पुस्तकातला आशीर्वाद कोरलेला आहे, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, हा. बायबलमधल्या मजकुराचा हाती असलेला हा सर्वांत जुना लेख मानला जातो. तो गेहेन्नाच्या काठावर मिळाला!

येशूने नरकाची भीती कुणाला घातली?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, मला मात्र तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना गाव पापी म्हणत होतं, त्या जकातदारांना आणि वेश्यांना त्याने गेहेन्नाचा धाक दाखवलेला दिसत नाही. धाक आहे तो धर्मशास्त्र कोळून प्यालेल्यांना, भावाला 'मूर्खा' म्हणणाऱ्याला आणि उपाशी माणसाकडे पाठ फिरवणाऱ्याला. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी होतात ती कुणी काय मानलं यावरून नव्हे. भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, तुरुंगातल्याची भेट घेतली का, हे तिथे विचारलं जातं.

लूकच्या १६ व्या अध्यायातली श्रीमंत माणसाची आणि लाजराची गोष्ट नीट वाचा. श्रीमंताने कोणताही गुन्हा केल्याचं लिहिलेलं नाही. तो जांभळी वस्त्रं नेसतो, रोज मेजवानी झोडतो, आणि दाराशी पडलेल्या लाजराचे फोड कुत्री चाटतात. मेल्यावर तो अधोलोकात तडफडतो आणि वर अब्राहामाला हाक मारून काय म्हणतो? लाजराला पाठवा, तो बोट पाण्यात बुडवून माझी जीभ ओली करेल. म्हणजे दाराशी कोण पडलं होतं, त्याचं नाव काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आगीत उभा राहूनही त्याला लाजर दिसतो तो हरकाम्या म्हणूनच. पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांतलं नाव असलेलं एकमेव पात्र लाजर आहे. श्रीमंताला नाव नाही.

मेल्याबरोबर लगेच न्याय होतो की शेवटच्या दिवशी?

बहुतेक चर्चेस दोन्ही मानतात. मरणानंतर आत्म्याचा निवाडा लगेच होतो, आणि जगाच्या अंती शरीराचं पुनरुत्थान व सर्वांचा न्याय होतो. वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगाराला येशूने 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं म्हटलं, हा त्याचा मोठा आधार.

पण हे इतकं सरळ ठरलं नाही. १३३१ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी प्रवचनांतून सांगायला सुरुवात केली की संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. गदारोळ झाला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये पुढचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी उलट निर्णय अधिकृत केला. पोपलाही या विषयात घसरायला झालं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेत असल्यासारखा असतो, त्याला कसलीच जाणीव नसते. वधस्तंभावरचं ते वाक्य ते 'आज तुला सांगतो' असं तोडून वाचतात. मूळ ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते, म्हणून वाद मिटत नाही.

स्वर्ग म्हणजे ढगांवर तरंगणारे आत्मे का?

नाही. ही कल्पना इतकी रुजली आहे की चर्चला जन्मभर येणाऱ्यांनाही खरी शिकवण ऐकून नवल वाटतं. ख्रिस्ती आशा आत्म्याच्या सुटकेची नाही, शरीराच्या पुनरुत्थानाची आहे. नायसियाच्या विश्वासांगीकाराचा, म्हणजे चर्चमध्ये एकत्र म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीचा, शेवट मृतांचं पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगातलं जीवन यांच्या वाटेकडे डोळे लावून होतो. करिंथकरांना लिहिताना पौल बियाण्याचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. दाणाच रोप होतो, तरी रोप दाण्यासारखं दिसत नाही.

प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात दिशाही उलटी आहे. माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम खाली उतरतं. त्या नगरीला बारा वेशी आहेत आणि त्या कधीच बंद होत नाहीत.

मेल्यावर माणसं देवदूत होतात का?

नाही. देवदूत वेगळी निर्मिती आहे. लहान मूल गेलं की 'देवाला अजून एक देवदूत मिळाला' असं कुणी म्हणतं, त्या क्षणी दुरुस्त करायला जाऊ नका. पण शिकवण तशी नाही.

नवरा-बायको तिथे पुन्हा एकत्र येतील का?

सदूकी या पुनरुत्थान न मानणाऱ्या यहुदी गटाच्या लोकांनी येशूला खोचकपणे विचारलं होतं की सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कुणाची? त्याने उत्तर दिलं की तेव्हा लोक लग्न करत नाहीत आणि कुणाचं लग्न लावूनही दिलं जात नाही. हे विधवांना आणि विधुरांना टोचतं, मला माहीत आहे. पण तिथे लग्न नसेल असं म्हटलंय, ओळख नसेल असं म्हटलेलं नाही. प्रेम पुसलं जाईल असं कुठलंही चर्च शिकवत नाही.

पर्गेटरी म्हणजे काय? सगळे ख्रिस्ती ती मानतात का?

पर्गेटरी, म्हणजे शुद्धीस्थान, ही कॅथलिक शिकवण आहे. देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पुरता शुद्ध न झालेला माणूस स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध होतो. हा 'छोटा नरक' नव्हे, कारण तिथला प्रत्येक जण शेवटी स्वर्गातच जातो. ही शिकवण १२७४ मध्ये ल्योंच्या, १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत मांडली गेली.

शिकवण नंतरची असली तरी मृतांसाठी प्रार्थना फार जुनी आहे. इ.स. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेतुआ नावाची साधारण बावीस वर्षांची आई ख्रिस्ती असल्याबद्दल तुरुंगात होती. तिची रोजनिशी आजही वाचायला मिळते. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या दुखण्याने गेला होता. तिला तो स्वप्नात दिसला. अंधाऱ्या जागेतून बाहेर येणारा, मळका, तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्याचं कुंड, पण त्याचा काठ मुलापेक्षा उंच. टाचा उंचावूनही पाणी हाताला लागत नव्हतं. पर्पेतुआ रात्रंदिवस रडून प्रार्थना करत राहिली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला, या वेळी स्वच्छ कपड्यांत. जखमेच्या जागी वण होता, कुंडाचा काठ त्याच्या कमरेपर्यंत खाली आलेला होता आणि काठावर सोन्याचं भांडं होतं. तो पोटभर पाणी प्यायला आणि मुलं खेळतात तसा खेळायला निघून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पर्पेतुआला रिंगणात मारलं गेलं.

पर्गेटरी समजावताना मी धर्मपरिषदांचे ठराव सांगतो, पण लोकांच्या लक्षात राहतं ते कुंड.

पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी मनापासून प्रार्थना करतं, पण शुद्ध करणाऱ्या आगीची कॅथलिक मांडणी नाकारतं. प्रोटेस्टंट पर्गेटरी मानत नाहीत. तिच्यासाठी मक्काबी दुसऱ्या पुस्तकाचा आधार दिला जातो आणि ते पुस्तक त्यांच्या बायबलमध्ये नाही. शिवाय १५१७ मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचा जनक लूथर याने ९५ प्रबंध काढले ते पापदंडमुक्तीच्या, म्हणजे पर्गेटरीतली शिक्षा माफ होईल असं सांगणाऱ्या, पत्रांच्या विक्रीवरून. गंमत अशी की त्या प्रबंधांत त्याने पर्गेटरीच नाकारलेली नव्हती. ते पुढे झालं.

नरक खरंच कायमचा आहे?

इथे ख्रिस्ती लोकांत तीन वाटा फुटतात.

परंपरेचं बहुमत 'होय' म्हणतं. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षेला आणि जीवनाला एकच ग्रीक विशेषण लावलं आहे. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती पंडिताचा युक्तिवाद असा की जीवन सार्वकालिक असेल तर त्याच वाक्यातली शिक्षा तात्पुरती कशी? तर्क भक्कम आहे. पण याच ऑगस्टीनने लिहून ठेवलं आहे की आपल्यातल्या पुष्कळ कनवाळू लोकांना हे पटत नाही. म्हणजे पाचव्या शतकातही चर्चमध्ये कुरकुर होती.

दुसरी वाट सांगते की शेवटी सगळं देवाकडे परत येईल. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनशी हे मत जोडलं जातं. ५५३ च्या सुमारास त्याच्या नावावरच्या मतांचा धिक्कार झाला. पण अशीच आशा बाळगणारा निस्साचा ग्रेगरी मात्र संत म्हणूनच राहिला.

तिसरी वाट म्हणते की नाकारलेला माणूस अनंतकाळ छळला जात नाही, नाहीसा होतो. पापाचं वेतन मरण आहे, यातना नव्हे, असा हा वाद. ॲडव्हेंटिस्ट हेच शिकवतात. १९८८ मध्ये जॉन स्टॉट या नामवंत अँग्लिकन धर्मशिक्षकांनी आपला कल इकडे असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या गोटात खळबळ उडाली होती.

माझं विचाराल तर मला ऑगस्टीनचं व्याकरण खोडता येत नाही आणि ग्रेगरीची आशा सोडता येत नाही.

तिथली आग खरीखुरी आग आहे का?

बायबलच एकीकडे आग म्हणतं आणि दुसरीकडे 'बाहेरचा अंधार'. जिथे सरोवरभर आग आहे तिथे गडद अंधार कसा असेल? म्हणून ही वर्णनं चित्रभाषेतली आहेत असं अनेक जण मानतात. इटालियन कवी दांतेने चौदाव्या शतकात नऊ वर्तुळांचा नरक रचला, तेव्हा तळाशी आग ठेवलीच नाही. त्याचा सैतान बर्फात छातीपर्यंत गोठलेला आहे. लोकांच्या मनातला नरक बायबलपेक्षा अशा काव्यांतून आणि भिंतीचित्रांतूनच जास्त आलेला आहे.

कॅथलिक धर्मशिक्षण नरकाची व्याख्या देवाच्या सहवासातून माणसाने स्वतःला कायमचं बाहेर ठेवणं, अशी करतं. १९९९ च्या जुलैमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनीही सांगितलं की नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेतलं उत्तर आणखी वेगळं. सातव्या शतकातला सीरियाई साधू आयझॅक म्हणतो की गेहेन्नातल्यांना प्रेमाचेच चाबूक बसतात. ज्या प्रेमात संत सुखावतात, त्याच प्रेमाचा गुन्हा केल्याची जाणीव इतरांना जाळते.

सैतान नरकाचा राजा आहे ना?

नाही. आग सैतान आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेली आहे, असं मत्तय सांगतो. तो तिथला कैदी आहे, जेलर नव्हे.

वधस्तंभानंतर येशू नरकात गेला होता का?

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'अधोलोकात उतरला' असं आहे. म्हणजे मृतांमध्ये, शिक्षेच्या नरकात नव्हे. पूर्वेकडच्या चर्चसाठी हा ईस्टरचा गाभा आहे. इस्तंबूलच्या एके काळच्या कोरा चर्चमध्ये, जे आता मशीद आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त आदामाला आणि हव्वेला शवपेट्यांतून अक्षरशः खेचून काढतो आहे. त्याच्या पायाखाली मोडून पडलेली दारं, कड्या, कुलपं आणि बांधलेला एक काळा देह. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने त्यांचे तळहात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. ओढणारा तोच एकटा.

ख्रिस्ती नसलेले सगळे नरकात जातात का?

१४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेचं उत्तर कठोर होतं : चर्चबाहेर तारण नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांना तारण मिळू शकतं. अनेक इव्हँजेलिकल चर्चेस मात्र येशूवरच्या उघड विश्वासाशिवाय तारण नाही असंच शिकवतात. 'सगळे ख्रिस्ती असं मानतात' असं कुणी सांगितलं, तर कोणते ख्रिस्ती, ते विचारा.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचं काय?

मध्ययुगात अशा बाळांसाठी 'लिम्बो' ही कल्पना निघाली. यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. ती कधीच सक्तीचा सिद्धान्त नव्हती. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने म्हटलं की ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. बाळ गमावलेल्या आईसमोर आयोगाचं नाव काढू नका. एवढंच सांगा की बाळ देवाच्या हाती आहे.

आत्महत्या केलेला माणूस नरकातच जातो, हे खरं का?

हाच तो हळू आवाजातला प्रश्न. तसं कोणतंही वचन बायबलमध्ये नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव दिलेल्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायद्यातून तो उल्लेख गेला. १९९२ चं धर्मशिक्षण आत्महत्येला गंभीर पापच म्हणतं, पण मानसिक आजार, तीव्र भीती किंवा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते हेही सांगतं, आणि अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असं स्पष्ट म्हणतं. कुणी तुमच्या घरच्या माणसाबद्दल छातीठोकपणे निकाल दिला असेल, तर त्याला तो अधिकार कुणी दिलेला नव्हता. आणि हे वाचताना स्वतःच्याच मनात तसे विचार असतील, तर आजच एखाद्या जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला.

दहन केलं तर पुनरुत्थान होणार नाही का?

होईल. समुद्रात बुडालेल्यांचं आणि वाघाने खाल्लेल्यांचं होणार असेल, तर राखेचं काय अवघड? कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी विखरायच्या नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या.

चर्चने अमुक माणूस नरकात आहे असं कधी जाहीर केलं आहे का?

कॅथलिक चर्चने हजारो लोकांना संत म्हणून जाहीर केलं. उलट यादी मात्र कुणाचीच नाही. येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचंही नाव त्यात घातलेलं नाही, जरी 'तो जन्माला आला नसता तर बरं झालं असतं' हे शब्द त्याच्याबद्दलच आहेत. फ्रान्समधल्या व्हेझलेच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातल्या एका खांबाच्या शीर्षावर यहूदा कोरलेला आहे, गळफास घेतलेला, जीभ बाहेर आलेली. त्याच दगडाच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचा देह खांद्यावर टाकून चालला आहे, मेंढपाळ हरवलेलं मेंढरू उचलून नेतो तसा. तो कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.